सगळ्यांना चालणारा माणूस: प्रिमाकोव्ह यांचे आठ महिने

5 मे 1999. क्रेमलिनमध्ये बैठक चालू होती, विषय अगदी साधा, तिसरं सहस्रक येतंय त्याच्या समारंभांची तयारी. टीव्हीचे कॅमेरे आत होते. अध्यक्ष येल्त्सिन बोलता बोलता थांबले, टेबलाभोवती बसलेल्यांकडे बघत राहिले, बराच वेळ कुणीच काही बोलेना, आणि मग म्हणाले, असे नाही बसलात, स्तेपाशिन पहिले उपपंतप्रधान आहेत, दुरुस्त करा. स्तेपाशिन उठले आणि अध्यक्षांच्या जवळच्या खुर्चीत जाऊन बसले. पंतप्रधान येवगेनी प्रिमाकोव्ह तिथेच होते, सगळं बघत. संध्याकाळी हे अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं आणि ज्याला समजायचं त्याला समजलं. बरोबर एका आठवड्याने, 12 मेला, प्रिमाकोव्ह यांना काढलं आणि स्तेपाशिन यांना त्यांच्या जागी आणलं.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जगातल्या शासनपद्धती शिकवताना रशिया आला की एक प्रश्न ठरलेला असतो, सर तिकडे अध्यक्षच सगळं करतो तर पंतप्रधान ठेवलाय कशाला. पुस्तकातलं उत्तर दोन ओळींचं आहे. 1993 च्या घटनेनुसार सरकारचा प्रमुख अध्यक्ष सुचवतो, ड्युमा म्हणजे त्यांची लोकसभा त्याला मंजुरी देते, तेव्हाच्या नियमाने तीन वेळा नकार दिला तर ड्युमाच बरखास्त व्हायची, आणि एकदा नेमलेलं सरकार अध्यक्ष कधीही घरी पाठवू शकतो, कारण द्यायचीही गरज नाही. पण एवढ्याने काही डोक्यात शिरत नाही, म्हणून मी त्यांना हे प्रकरण सांगतो, 11 सप्टेंबर 1998 ते 12 मे 1999, जेमतेम आठ महिने. माझ्या मते सोव्हिएत युनियन फुटल्यानंतरच्या रशियात ते पद इतक्या ताकदीने वापरणारा दुसरा माणूस झाला नाही, आणि तो ज्या कारणामुळे खुर्चीवर आला त्याच कारणामुळे खाली उतरवला गेला.

आधी परिस्थिती नीट बघा. 1998 चा उन्हाळा. तेलाचे भाव पडलेले, सरकारची मिळकत आटलेली, आणि जुनी देणी फेडायला सरकार थोड्या मुदतीचे रोखे विकतंय, ते रोखे फेडायला आणखी रोखे, व्याज वाढत वाढत शंभर टक्क्यांच्याही वर गेलं. म्हणजे सावकाराचं व्याज भरायला दुसऱ्या सावकाराकडे जायचं, तसं चाललं होतं. पंतप्रधान किरियेन्को, नेमले तेव्हा वय 35. जुलैमध्ये नाणेनिधीने मोठं पॅकेज जाहीर केलं, पहिला हप्ता 4.8 अब्ज डॉलरचा आला आणि बघता बघता संपला. मॉस्कोत सरकारच्या इमारतीसमोर, ज्याला ते पण व्हाइट हाउसच म्हणतात, कोळसा खाणीतले कामगार जूनपासून ठाण मांडून बसले होते, महिनोन्‌महिने पगार नाही, आणि ते आपली हेल्मेटं दगडावर आपटत राहायचे. आतल्या मंत्र्यांना तो आवाज रोज ऐकू जायचा. देशात दुसरीकडे कामगारांनी रेल्वेचे रूळच अडवले होते.

17 ऑगस्टला सरकारने हात वर केले. रोखे फेडणार नाही, बँकांच्या परदेशी कर्जफेडीवर 90 दिवसांची स्थगिती, आणि रूबलचा भाव धरून ठेवणं सोडून दिलं. ऑगस्टच्या सुरुवातीला सव्वासहा रूबलला एक डॉलर मिळत होता, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो वीसच्या वर गेला. बँकांसमोर रांगा, आत पैसे नाहीत. रशियातली शहरं तेव्हा आयात मालावर जगत होती त्यामुळे दुकानांतून साखर, तेल, डबाबंद वस्तू दिसेनाशा झाल्या, जे होतं त्याच्यावरच्या किमतीच्या चिठ्ठ्या एका दिवसात बदलायला लागल्या. नुसत्या सप्टेंबरमध्ये महागाई 38 टक्के वाढली, एका महिन्यात हं, वर्षात नाही. त्यात पीकही बुडालेलं, त्या वर्षी धान्य 5 कोटी टनांच्याही खालीच आलं. ज्या बाईने सहा-सात वर्षांपूर्वी एकदा आपली आयुष्यभराची बचत महागाईत विरघळताना पाहिली होती तिने आता ती दुसऱ्यांदा पाहिली, हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

23 ऑगस्टला किरियेन्को गेले. येल्त्सिननी पुन्हा चेर्नोमिर्दिन यांचं नाव पुढे केलं, ज्यांना त्यांनीच मार्चमध्ये पंतप्रधानपदावरून काढलं होतं. ड्युमाने 31 ऑगस्टला नाकारलं, 7 सप्टेंबरला परत नाकारलं. आता तिसरी आणि शेवटची वेळ. तेव्हाही नकार आला तर ड्युमा बरखास्त, देशात सरकार नाही, संसद नाही, चलन नाही, अध्यक्षांची तब्येत केव्हा बिघडेल सांगता येत नाही, आणि अण्वस्त्रं मात्र हजारोंनी. अशा वेळी याब्लोको या उदारमतवादी पक्षाचे याव्लिन्स्की यांनी उघडपणे एक नाव घेतलं, परराष्ट्रमंत्री प्रिमाकोव्ह.

आता हा माणूस कोण होता हे सविस्तर सांगावं लागेल, कारण या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

येवगेनी मक्सिमोविच प्रिमाकोव्ह, जन्म 29 ऑक्टोबर 1929, कीव्ह. पण वाढले तिबिलिसीत, म्हणजे जॉर्जियात. वडील आयुष्यात नव्हतेच. आई आन्ना याकोव्लेव्हना स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर, तिबिलिसीच्या सूत आणि होजियरीच्या गिरणीच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं नोकरी केली, दिवसभर गिरणीतल्या बायका तपासायच्या आणि मुलगा एकटा घरी नाहीतर गल्लीत. चाळीसारखं सामायिक घर, त्यातली एक खोली, मायलेकांचा संसार. तिबिलिसी तेव्हा जॉर्जियन, आर्मेनियन, रशियन, कुर्द, ज्यू, अझरबैजानी सगळ्यांचं शहर होतं, एकाच अंगणात पाच भाषा. या वातावरणात वाढलेल्या पोराला समोरचा माणूस कुठल्या भाषेत रागावतो आणि कुठल्या भाषेत समजूत घालतो हे वेगळं शिकवावं लागत नाही, निदान मला तरी त्यांचं पुढचं सगळं आयुष्य वाचताना असंच वाटत आलंय.

1944 मध्ये, युद्ध चालू असतानाच, पोरगा बाकूच्या नौदल प्रशाळेत दाखल झाला. दोन वर्षं कॅडेट, जहाजावर सराव. आणि 1946 ला डॉक्टरांनी सांगितलं फुप्फुसाचा क्षय आहे, सुरुवातीचा. नौदल संपलं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं स्वप्न एका तपासणीत गेलं आणि तो परत आईकडे आला, बरा झाला, शाळा पूर्ण केली, आणि 1948 ला मॉस्कोच्या प्राच्यविद्या संस्थेत अरबी भाषेला प्रवेश घेतला. 1953 ला पदवी, मग मॉस्को विद्यापीठात अर्थशास्त्रावर संशोधन. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्यांना सर्रास हेर किंवा मुत्सद्दी म्हणतात, पण माणूस मुळात अरबी शिकलेला अर्थशास्त्रज्ञ होता.

शिकत असतानाच 1951 मध्ये लाउरा खाराद्झे या तिबिलिसीच्या मुलीशी लग्न झालं. मुलगा अलेक्झांडर, मुलगी नाना. अलेक्झांडर वडिलांच्याच वाटेने प्राच्यविद्येकडे वळला होता, आणि 1981 ला हृदयविकाराने गेला, तिशीही गाठली नव्हती. सहा वर्षांनी, 1987 मध्ये, लाउरा गेल्या, त्यासुद्धा हृदयविकारानेच. पुढे 1994 मध्ये त्यांनी डॉक्टर इरिना बोरिसोव्हना यांच्याशी लग्न केलं. फोटोत प्रिमाकोव्ह कायम जड पापण्यांचे, खालच्या आवाजात बोलणारे, चेहऱ्यावर काही न दाखवणारे दिसतात, पण जवळचे लोक सांगायचे की जेवणाच्या टेबलावर हा माणूस वेगळाच, जॉर्जियन पद्धतीने एकेकाच्या नावाने पेला उचलून लांबलचक बोलणार, कविताही करणार.

करिअर रेडिओवर सुरू झालं, सोव्हिएत नभोवाणीच्या अरबी विभागात. 1962 ला कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्राव्दा' दैनिकात, आणि 1966 ते 1970 कैरोत बातमीदार. 1967 चं सहा दिवसांचं युद्ध त्यांनी तिथून पाहिलं. त्याच काळात इराकच्या उत्तरेत डोंगरात जाऊन कुर्दांचे नेते मुल्ला मुस्तफा बारझानी यांना भेटत राहिले, बगदाद आणि कुर्दांची बोलणी लावून द्यायला. बगदादमध्ये तरुण सद्दाम हुसेनशी ओळख झाली ती तेव्हाच. पुढे 1971 पासून इस्रायलच्या गुप्त फेऱ्या, गोल्डा मेयर आणि मोशे दायान यांच्यासोबत, सोव्हिएत युनियनचे इस्रायलशी राजनैतिक संबंध तुटलेले असताना. म्हणजे एकाच माणसाला अराफत पण भेटणार, असद पण भेटणार, आणि तेल अवीवमध्ये पण कुणीतरी दार उघडणार. मला वाटतं त्यांचं खरं भांडवल हेच, समोरच्याचं ऐकून घ्यायचं, त्याची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, आणि जे बोलू तेवढंच करायचं.

मधली वर्षं संशोधन संस्थांत गेली, जागतिक अर्थव्यवस्था संस्थेत आधी उपसंचालक मग संचालक, त्यामध्ये 1977 ते 1985 प्राच्यविद्या संस्थेचे प्रमुख. गोर्बाचोव्ह यांच्या काळात 1989 ला सर्वोच्च सोव्हिएतच्या, म्हणजे तेव्हाच्या संसदेच्या, एका सभागृहाचे अध्यक्ष. कुवेतवर इराकने हल्ला केल्यावर गोर्बाचोव्हनी त्यांना बगदादला पाठवलं, युद्ध टळलं नाही. 1991 च्या ऑगस्टमध्ये गोर्बाचोव्हविरुद्ध झालेल्या बंडात ते बंडवाल्यांसोबत गेले नाहीत. त्यानंतर परदेशी हेरखातं त्यांच्याकडे आलं आणि सोव्हिएत युनियन संपलं तरी येल्त्सिननी त्यांना तिथेच ठेवलं. ही गोष्ट छोटी नाहीये. गोर्बाचोव्ह आणि येल्त्सिन एकमेकांना पाण्यात बघत होते, आणि एकाचा विश्वासू माणूस दुसऱ्याने इतक्या नाजूक जागी तसाच ठेवला. जानेवारी 1996 मध्ये परराष्ट्रमंत्री. आधीचे कोझिरेव्ह पश्चिमेकडे फार झुकलेले मानले जायचे, प्रिमाकोव्ह आल्यावर कम्युनिस्टांनाही वाटलं आपला माणूस आला, उदारमतवाद्यांना वाटलं निदान सुसंस्कृत माणूस आहे, लष्कराला आणि गुप्तचरांना तर ते घरचेच. स्वतःचा पक्ष नाही, स्वतःचा टीव्ही चॅनेल नाही, बँक नाही, कारखाना नाही. त्या काळच्या मॉस्कोत असा माणूस शोधून सापडला नसता.

म्हणून सप्टेंबर 98 ला नाव निघालं. आणि त्यांनी नकार दिला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वय 68, मंत्रालय बरं चाललंय, कशाला हवं. हा प्रसंग त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलाय: येल्त्सिनना नाही म्हणून ते खोलीबाहेर पडले आणि बाहेर अध्यक्षांच्या कार्यालयाचे लोक उभे, त्यात राजशिष्टाचाराचे प्रमुख व्लादिमीर शेव्हचेन्को, एरवी हसतमुख, शांत माणूस. ते एकदम भडकले. तुम्ही फक्त स्वतःचा विचार कसा करू शकता, समोर काय वाढून ठेवलंय दिसत नाही का, सरकार नाही, ड्युमा जाईल, अध्यक्षांचं शरीर साथ देईलच असं नाही, अशा अर्थाचं ते बोलले. प्रिमाकोव्हनी विचारलं, पण मीच का. उत्तर मिळालं, कारण आज तुम्हीच सगळ्यांना चालाल. मग ते हो म्हणाले.

11 सप्टेंबरला ड्युमाने 317 मतांनी मंजुरी दिली, कम्युनिस्टांपासून उदारमतवाद्यांपर्यंत.

आता त्यांनी केलं काय. पहिल्या दिवसापासून टीका होती, मंत्रिमंडळ लाल आहे म्हणून. पहिले उपपंतप्रधान युरी मास्ल्युकोव्ह, कम्युनिस्ट, सोव्हिएत काळात नियोजन आयोगाचे प्रमुख राहिलेले. मध्यवर्ती बँकेवर गेराश्चेन्को, ज्यांच्या नावाने पश्चिमेतले अर्थतज्ज्ञ नव्वदच्या सुरुवातीपासून बोटं मोडायचे. पेपरांत भाकितं येत होती की आता नोटा छापतील, किमती गोठवतील, डॉलर बाळगणं गुन्हा ठरवतील, परत रेशनच्या रांगा लागतील. पण अर्थमंत्री झादोर्नोव्ह यांना त्यांनी जागेवरून हलवलं नाही, आधीच्याच सरकारातले, आणि ते माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं पाऊल होतं. डावीकडे बघितलं तर मास्ल्युकोव्ह दिसतात, तिजोरीची किल्ली मात्र झादोर्नोव्हकडे.

नोटा थोड्या छापल्या, पण बेफाम नाही. डॉलर बंद केला नाही. निर्यातदारांना त्यांच्या परकीय चलनातला 75 टक्के हिस्सा देशात विकायला लावला, आधी तो निम्मा होता. तेलासारख्या निर्यातीवर परत कर बसवला, कारण रूबल पडल्याने निर्यातदारांची चांदी झाली होती आणि सरकार उपाशी. रेल्वेचं भाडं, वीज, गॅस यांचे दर महागाईच्या मागे धावू दिले नाहीत, आणि हे फार कमी लोक सांगतात पण कारखाने परत सुरू व्हायला याचा मोठा हात आहे, कारण आयात माल परवडेनासा झाल्यावर देशातल्या बेकरीला, कापड गिरणीला, रंगाच्या कारखान्याला अचानक गिऱ्हाईक मिळालं आणि त्याच वेळी त्यांचं विजेचं बिल रूबलमध्ये जवळपास तिथल्या तिथे राहिलं. पगार आणि पेन्शन चालू ठेवायची आणि थकलेली हळूहळू फेडायची, यावर ते अडून बसायचे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इमारतीसमोरचे खाणकामगार उठले.

आणि मग बजेट. 1999 चं अंदाजपत्रक हे त्या दशकातलं सगळ्यात कडक अंदाजपत्रकांपैकी एक होतं, व्याज सोडलं तर खर्चापेक्षा जमा जास्त धरलेली. किंमत लोकांनीच मोजली, पगार आकड्यात तेवढेच आणि भाव चढे, म्हणजे खरं उत्पन्न घटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बघा, हेच अंदाजपत्रक एखाद्या उदारमतवादी तरुण मंत्र्याने आणलं असतं तर कम्युनिस्टांनी ड्युमा डोक्यावर घेतली असती. प्रिमाकोव्ह आणि मास्ल्युकोव्ह यांनी आणलं आणि फेब्रुवारी 1999 पर्यंत ते पास झालं. जे नव्वदच्या सुरुवातीला सुधारणा आणणाऱ्या गायदारांच्या वेळी जमलं नाही, चेर्नोमिर्दिनना रडतखडत जमायचं, ते डाव्यांच्या मतांनी झालं. या प्रकरणात मुलांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही असं मी सांगतो.

आकडे सांगायचे तर 1998 मध्ये रशियाचं एकूण उत्पादन, म्हणजे जीडीपी, 5.3 टक्क्यांनी घटलं, 1999 मध्ये 6.4 टक्क्यांनी वाढलं. 1998 ची महागाई 84 टक्के, पुढच्या वर्षी साधारण 36. आता काही जण म्हणतात हे सगळं रूबल पडला आणि 99 मध्ये तेल वर गेलं म्हणून झालं, प्रिमाकोव्हनी काहीच केलं नाही. अर्धं खरं आहे. पण तेल वर जायच्या आधीच, म्हणजे भाव अगदी तळाला होते त्या हिवाळ्यात, कारखाने हलायला लागले होते. आणि घाबरलेल्या देशात चुकीचं काही न करणं हेसुद्धा कामच असतं, आजूबाजूचे सगळे काहीतरी धडाकेबाज करा म्हणून ओरडत असताना तर फारच अवघड काम.

आपल्याशी संबंध येतो तो डिसेंबरात. 1998 साल आठवा, मे महिन्यात पोखरण झालं होतं, अमेरिकेचे निर्बंध लागले होते, आणि प्रिमाकोव्ह दिल्लीत आले तेव्हा अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर केलेली चार दिवसांची बॉम्बफेक नुकतीच संपली होती. वाजपेयींशी भेट झाली, 2010 पर्यंतच्या लष्करी सहकार्याचा करार झाला, आणि 21 डिसेंबरला पत्रकारांशी बोलताना त्यांनी रशिया, भारत, चीन असा त्रिकोण झाला तर या भागात स्थैर्य येईल असं म्हटलं. दिल्लीने फार उत्साह दाखवला नाही, बीजिंगने पण नाही, पोखरणनंतर दोघांचं वाजलेलंच होतं. पण तो धागा तुटला नाही, 2002 पासून तीन देशांचे परराष्ट्रमंत्री भेटायला लागले, आणि पुढे ब्रिक्स उभं राहिलं त्याच्या मागे रशियन लोक कायम हीच कल्पना सांगतात. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात बाणावलीला ब्रिक्सची परिषद झाली तेव्हा टीव्हीवर तीन नेते एका फ्रेममध्ये बघून मला पहिल्यांदा दिल्लीतलं हे वाक्यच आठवलं. ते बघायला प्रिमाकोव्ह नव्हते.

आता ते विमान. 23 मार्च 1999, प्रिमाकोव्ह वॉशिंग्टनला निघाले होते, उपाध्यक्ष अल गोर यांच्याशी बैठक, नाणेनिधीशी कर्जाची बोलणी, सोबत मंत्री, उद्योगपती. कोसोवोवरून युगोस्लाव्हियावर नाटोचे हल्ले होणार हे हवेत होतंच. आयर्लंडमध्ये शॅननला इंधन भरलं, विमान अटलांटिकवर आलं, आणि गोर यांचा फोन, बॉम्बहल्ले होणार हे आता जवळजवळ ठरलंय. प्रिमाकोव्हनी सोबतच्या लोकांशी बोलून घेतलं, वैमानिकाला विचारलं परत फिरायला इंधन पुरेल का, येल्त्सिनना कळवलं, आणि विमान समुद्रावर वळवलं. लगेच दुसऱ्या रात्री बेलग्रेडवर बॉम्ब पडले. विचार करा ना, ते वॉशिंग्टनमध्ये कर्जाच्या कागदांवर बोलत बसलेले असताना हल्ला सुरू झाला असता तर घरी काय तोंड दाखवलं असतं.

मॉस्कोतल्या काही वर्तमानपत्रांनी लगेच हिशोब मांडला की एका वळणात देशाचे 15 अब्ज डॉलर गेले. प्रत्यक्षात नाणेनिधीचे प्रमुख काम्देस्यू त्याच महिन्याच्या शेवटी स्वतः मॉस्कोत आले, आणि जुलैमध्ये 4.5 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. प्रिमाकोव्ह तोपर्यंत पदावर नव्हते, पण दार त्यांनी बंद केलेलं नव्हतं. 30 मार्चला ते बेलग्रेडला जाऊन युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मिलोशेविच यांना भेटूनही आले, त्यातून काही निघालं नाही. पण लोकांच्या मनात ते वळलेलं विमान बसलं ते कायमचं.

आणि इथून घसरण सुरू झाली असं बरेच लोक लिहितात, मला मात्र ती जानेवारीतच सुरू झाली असं वाटतं. येल्त्सिन अल्सरने दवाखान्यात होते. त्या काळात प्रिमाकोव्हनी ड्युमाच्या सभापतींना एक मसुदा पाठवला, निवडणुकीपर्यंत सगळ्यांनी शस्त्रं खाली ठेवायची, अध्यक्ष ड्युमा बरखास्त करणार नाहीत आणि सरकार काढणार नाहीत, ड्युमा येल्त्सिनविरुद्ध चालवलेला महाभियोग सोडेल आणि सरकारवर अविश्वास आणणार नाही, निवृत्त होणाऱ्या अध्यक्षाला कायद्याचं संरक्षण. कागदावर किती समंजस वाटतं. पण आजारी अध्यक्षाच्या उशाशी बसून वाचा म्हणजे कळेल, आपला पंतप्रधान आपले अधिकार आपल्याला न विचारता वाटाघाटीत ठेवतोय आणि आपल्या निवृत्तीची भाषा बोलतोय. प्रिमाकोव्ह यांच्यासारख्या आयुष्यभर माणसं वाचलेल्या माणसाने ही चूक कशी केली हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. बहुतेक त्यांना खरंच वाटलं असणार की देश शांत करायचा तर सगळ्यांनीच थोडं थोडं सोडायला हवं, आणि सोडायला सगळ्यात जास्त ज्याच्याकडे आहे तो दुखावेल हे नजरेआड झालं.

त्याच महिन्यात कैद्यांच्या माफीचा विषय निघाला तेव्हा ते बोलून गेले की आर्थिक गुन्हे करणाऱ्यांसाठी जागा रिकाम्या होतायत. उद्योगपती बोरिस बेरेझोव्स्की यांच्याविरुद्ध एप्रिलमध्ये अटकेचं वॉरंट निघालं, पुढे ते मागे घेतलं गेलं. महाअभियोक्ता स्कुराटोव्ह यांचं प्रकरण पेटलेलं, ते क्रेमलिनच्या दुरुस्तीच्या कंत्राटांची चौकशी करत होते, त्यांना हटवायचा अध्यक्षांचा प्रयत्न संसदेचं वरचं सभागृह हाणून पाडत होतं. या सगळ्यात येल्त्सिन यांच्या जवळच्या वर्तुळाला वाटायला लागलं की हा म्हातारा उद्या अध्यक्ष झाला तर आपलं काय. सर्वेक्षणांत तर प्रिमाकोव्ह देशातले सगळ्यात विश्वासार्ह नेते म्हणून वर होतेच. आपल्याकडे म्हणतात तसं, नाकापेक्षा मोती जड झाला होता.

12 मेला येल्त्सिननी बोलावलं. तुम्ही तुमचं काम केलंत, आता राजीनामा द्या, कारण कुठलंही लिहा. प्रिमाकोव्ह म्हणाले, नाही, मी कुणाचंही काम सोपं करणार नाही, घटनेने तुम्हाला अधिकार दिलाय, सही तुम्ही करा. येल्त्सिननी त्यांना जायला गाडी आहे ना असं काहीतरी विचारलं, त्यावर उत्तर, मी टॅक्सीनेही जाईन. हेही त्यांनी स्वतःच लिहिलंय. राजीनामा न देण्याला मी फार महत्त्व देतो, कारण राजीनामा दिला असता तर कागदावर राहिलं असतं की माणूस दमला म्हणून गेला.

तीन दिवसांनी ड्युमात महाभियोगाचं मतदान झालं, 300 हवी होती, चेचेन्या युद्धाच्या आरोपावर सगळ्यात जास्त म्हणजे 283 पडली. फसलं. आणि ज्या ड्युमाने प्रिमाकोव्हना डोक्यावर घेतलं होतं तिने आठवड्याभरात स्तेपाशिनना मंजुरीही देऊन टाकली. स्तेपाशिन तीन महिने टिकले, ऑगस्टमध्ये पुतिन आले. मार्च 98 ते ऑगस्ट 99, दीड वर्षाच्या आत पाच पंतप्रधान.

पुढचं थोडक्यात. मॉस्कोचे महापौर लुझकोव्ह यांच्यासोबत त्यांनी पक्षाची आघाडी केली, आणि एका सरकारी चॅनेलने त्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनची गोष्ट घेऊन, ऑपरेशन थिएटरमधली रक्ताळलेली दृश्यं दाखवून, हा माणूस धडधाकट नाही असं लोकांच्या मनावर बिंबवलं. डिसेंबरच्या निवडणुकीत आघाडीला 13.33 टक्के मिळाले. फेब्रुवारी 2000 मध्ये त्यांनी अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. मला इथे त्यांची मर्यादा स्पष्ट दिसते, सगळ्यांना चालणारा माणूस वाटाघाटीच्या टेबलावर अजिंक्य असतो, पण निवडणुकीत कुणीतरी तुमच्यासाठी भांडायला उभं राहावं लागतं, आणि तसं त्यांनी आयुष्यभर कुणाला जमवलंच नव्हतं.

2001 च्या डिसेंबरपासून दहा वर्षं ते रशियाच्या व्यापार आणि उद्योग मंडळाचे अध्यक्ष होते. 2003 मध्ये इराकवर हल्ला व्हायच्या आधी पुतिननी त्यांना परत बगदादला पाठवलं, सद्दामना पायउतार व्हा म्हणून सांगायला. ज्या तरुणाला त्यांनी 1969 च्या सुमारास पहिल्यांदा पाहिलं होतं तो आता ऐकून घेऊन काही न बोलता खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

म्हातारपणी दरवर्षी 13 जानेवारीला, जुन्या रशियन पंचांगाच्या नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी, मॉस्कोत मर्क्युरी क्लबमध्ये त्यांचं भाषण असायचं, मंत्री, उद्योगपती, संपादक ऐकायला बसायचे. शेवटचं 2015 चं. रशियाने युक्रेनचं क्रिमिया घेतलं होतं, निर्बंध लागले होते, तेल पडलं होतं, रूबल परत घसरत होता, म्हणजे बरंचसं 98 सारखंच. 85 वर्षांचा आजारी माणूस उभा राहून म्हणाला की रशियाने जगाला दार लावून घेऊ नये, युक्रेनमधल्या युद्धावरच्या मिन्स्कच्या समझोत्यावर टिकून राहावं, आणि सत्ता, पैसा मॉस्कोत साठवण्याऐवजी प्रदेशांकडे द्यावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 26 जूनला ते गेले.